मामांच्या मौनाला परदेशी दाते

माझे थोरले मामा एसटीत कंडक्टर होते. अमरावती-वरूड ही त्यांची वर्षानुवर्षांची गाडी. त्यांच्या गाडीत चढलेला माणूस उतरताना तिकिटाबरोबर मामांच्या घरची सगळी खबरबात घेऊन उतरायचा. मामीने काल भाजीत मीठ जास्त टाकलं, हे शेंदूरजनाघाटच्या संत्रा व्यापाऱ्यांनाही माहीत असायचं. निवृत्त झाल्यावर प्रवासी संपले, बोलणं मात्र संपलं नाही. मग ते अमरावतीहून अकोल्याला माझ्याकडे येऊन आठ-आठ दिवस राहू लागले. आमच्या घरी ऐकणारी माणसं जास्त, एवढंच त्याचं कारण.

अशा माणसाला परदेशातल्या एका मोठ्या संस्थेने तीन महिने संपूर्ण मौनात बसण्यासाठी साहाय्य दिलं. तो अर्ज माझ्या हातचा होता, म्हणून जे झालं ते नीट सांगायची जबाबदारीही माझीच.

मी अकोल्यात जुन्या शहरातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी पालीचा वर्गही घेते. मला पाली येते असं म्हणणं धाडसाचं होईल. एमएला दोन पेपर होते, तेवढ्यावर चाललंय. वर्गाला दहा-बारा बाया येतात. पुस्तकं चार. एका पुस्तकावर दोघी वाकल्या की तिसरीला फक्त डोकी दिसतात. तेव्हा कुणीतरी मोबाइलवर दाखवलं की जगभरच्या बौद्ध अभ्यासाला आणि साधनेला मदत करणारी एक संस्था आहे, अर्ज करा.

अर्जाचे दोन नमुने होते. एक अभ्यासासाठी, एक साधनेसाठी. अभ्यासाचा मी मन लावून भरला आणि तो वाचून दाखवायला विहाराच्या अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष निवृत्त ग्रामसेवक. सरकारी नोकरीत त्यांनी एकही रकाना कधी कोरा सोडलेला नाही, असं ते स्वतःच सांगतात.

"दुसरा फारम काहून कोरा ठेवला?" त्यांनी विचारलं.

"तो साधनेचा आहे. आपल्याकडे कोणी साधक नाही."

"कोरा फारम पाठवला तं लोकाईले वाटते, आपल्याले काई येत नाई. भरून टाक."

त्यात साधकाचं नाव विचारलं होतं. मामा तिथेच बसून अध्यक्षांना एका जुन्या ब्रेक फेल प्रसंगाची हकिगत सांगत होते. अध्यक्षांनी त्यांच्याकडे बोट दाखवलं. वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, मौनात बसण्याची इच्छा आहे का, असा पुढचा प्रश्न होता. मामा म्हणाले, "इच्छा तं मानसाले कायचीबी असू शकते." आणि परत ब्रेककडे वळले. मी 'हो' लिहिलं.

दोन महिन्यांनी दोन्ही उत्तरं एकाच दिवशी आली. अभ्यासाला मदत करता येत नाही, कारण आमच्याकडे पदवीचा अभ्यासक्रम नाही. साधनेचा अर्ज आनंदाने मंजूर.

मला रात्रभर कसंतरी वाटत राहिलं, म्हणून सकाळी मी त्यांना सरळ पत्र लिहिलं. हे गृहस्थ निवृत्त बस कंडक्टर आहेत, याआधी कधी ध्यानाला बसलेले नाहीत, आणि झोपेतही ते पाच मिनिटांच्या वर गप्प राहिल्याचं आम्हाला आठवत नाही. उत्तर लगेच आलं. आम्ही वर्षानुवर्षं नेमक्या अशाच साधकाच्या शोधात होतो, असं त्यात होतं.

सोबत मंजुरीचं पत्र मामांच्या नावाने होतं, सहीशिक्क्यासकट. मामांनी ते चारदा वाचून घेतलं.

"आपल्या घरान्यात परदेशातून कागद आलेला मी पयला," ते म्हणाले. "आता नाई म्हनता येत नाई पोरी. बसतो मी."

"मामा, तीन महिने आहेत."

"एसटीत चाळीस-चाळीस दिवस संप चालले. हेबी निंगून जाईन."

अमरावतीला मामीला फोन लावला. मामीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खरंच बोलनार नाईत?" मी म्हटलं, खरंच. पलीकडून काहीच आवाज आला नाही. मला वाटलं, रडते की काय. नंतर कळलं, ती फोन बाजूला ठेवून शेजारणीला सांगायला गेली होती.

विहाराच्या मागच्या खोलीतून भोंगे आणि प्लास्टिकच्या खुर्च्या हलवल्या, चुना दिला, कूलर बसवला. त्याच आठवड्यात दात्यांचं खोकं आलं. त्यात बसायला एक गोल टणक उशी, एक घड्याळ आणि मेंढीच्या लोकरीची गुडघ्यापर्यंत येणारी जाड शाल होती. सोबत चिठ्ठी: हिवाळ्यात आमच्या साधकांना हिचा फार आधार वाटतो. अकोल्यात त्या दिवशी पंख्याची हवासुद्धा गरम लागत होती.

अटी फारशा नव्हत्या. बोलायचं नाही, लिहायचं नाही, दुपारी बारानंतर जेवायचं नाही. जेवण वस्तीने द्यायचं, साधकाने स्वतः रांधायचं नाही. आणि दर रविवारी सकाळी संस्थेच्या एक मार्गदर्शक बाई व्हिडिओ कॉलवर येतील आणि पंधरा मिनिटं साधकासोबत मौन बाळगतील.

ही शेवटची अट मला नीट कळली नव्हती. पहिल्या रविवारी कळली. मामा शाल पांघरून उशीवर बसले. मी समोर मोबाइल धरून उभी. पडद्यावर पांढऱ्या केसांच्या, शांत चेहऱ्याच्या एक बाई. कोणी काही बोललं नाही. पंधरा मिनिटं संपल्यावर बाईंनी हात जोडले, मामांनीही जोडले आणि कॉल बंद झाला. माझा दंड भरून आला होता. संध्याकाळी बाईंचं पत्र आलं: साधकाच्या चेहऱ्यावरून अखंड अश्रू ओघळताना पाहून मी हेलावून गेले, आणि मागे तो धबधब्याचा आवाज, किती भाग्यवान जागा आहे ही.

अश्रू म्हणजे शालीचा घाम होता. धबधबा म्हणजे कूलर. मी उत्तरात दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहिल्या. बाईंनी कळवलं, तुमची नम्रता मला आवडली.

तिसऱ्या रविवारी नेट अडकलं. मामाही हलत नव्हते आणि बाईही हलत नव्हत्या, त्यामुळे ते माझ्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं तेव्हा बाईंची पापणी बराच वेळ अर्धी मिटलेली होती. पुढचं पत्र असं होतं की आतापर्यंतच्या भेटींत ही सगळ्यात खोल.

आता मामांबद्दल. पहिले आठ दिवस त्यांचे हाल झाले. मी जेवण घेऊन गेले की ते तोंड उघडायचे, मग आठवायचं, मग मिटायचे. चौथ्या दिवशी ते खिडकीच्या गजावर बोटांनी ठोकायला लागले. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. कंडक्टरची घंटीच ती. भाजी वाढताना एक ठोका, ताट नेताना दोन. मी म्हटलं, मामा, हे बोलणंच झालं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच वाईट वाटलं, पण त्यानंतर त्यांनी गजाला हात लावला नाही.

जेवणाची पाळी वस्तीतल्या घरांनी वाटून घेतली होती. परदेशी लोकांच्या साधकाला साधं वरण-भात कसं द्यायचं, म्हणून एका घराने रोडगे केले, दुसऱ्याने सांबारवडी, तिसऱ्याने पुरणपोळी. एकाच वेळेला जेवायचं असल्यामुळे मामा सगळं एकदाच जेवायचे. महिन्याभरात त्यांचा सदरा पोटावर ताणू लागला. बाईंनी विचारलं, साधक उपासाने कृश तर होत नाहीत ना? मी कळवलं, नाही.

मग शेजारच्या वस्तीतला एक शेतकरी आला. म्हैसपूरकडे त्यांची काळ्या मातीची जमीन, दोघा भावांत वाटलेली. मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भावाभावांची बोलचाल बंद होऊन बरीच वर्षं झालेली. त्यांनी ऐकलं होतं की विहारात एक न बोलणारा माणूस बसतो. मला म्हणाले, "बाई, पाच मिन्टं बसू का त्याईच्या समोर? आमच्या घरी सगळे सल्ला देनारेच हायेत."

मी अध्यक्षांना विचारलं. अध्यक्ष म्हणाले, "ऐकू नये असं फारमात लिहेल हाये का?" लिहिलेलं नव्हतं.

शेतकरी मामांसमोर बसले आणि धुऱ्याची हकिगत पहिल्यापासून सांगू लागले. मी दारात होते. सांगता सांगता मागे आणखी दोघे-तिघे उत्सुकतेने येऊन उभे राहिले आणि दाराचा उजेड अडला. मामांनी मान वर करून हात हलवला. तो हात मी लहानपणापासून ओळखते. गाडीत दारापाशी गर्दी झाली की ते असाच हात करायचे, पुढं सरका, मागं जागा आहे. शेतकऱ्यांनी तो हात स्वतःसाठी समजून घेतला. ते थोडा वेळ डोळे पुसत बसले, नमस्कार करून गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी धुऱ्यावरचा आपल्या बाजूचा हद्दीचा दगड हातभर मागे घेतला. सोडून द्यायचं, पुढं सरकायचं, असा अर्थ त्यांनी लावला होता.

चार दिवसांनी त्यांचा धाकटा भाऊ आला. थोरल्याने काही सांगितलं असेल म्हणून नव्हे, बोलचालच नव्हती. त्यालाही कुठून तरी कळलं होतं. तेव्हाही दारात गर्दी, तेव्हाही मामांचा तोच हात. धाकट्यानेही आपला दगड हातभर मागे घेतला. आता त्या दोन शेतांच्या मधे दोन हात रुंद पट्टा आहे, तो कोणाचाच नाही. दोघेही त्यात पेरत नाहीत. एकमेकांशी बोलतात मात्र, आणि बहुतेक वेळा या पट्ट्याचं काय करायचं यावरच बोलतात.

यानंतर रविवारी रांग लागू लागली. मला हे पटत नव्हतं. मी मामांना म्हटलं, "तुम्हाला ते गुरू समजायला लागलेत. आपण फसवतोय का लोकांना?" त्यानंतर कोणी आलं की ते दोन्ही हात मांडीखाली दाबून बसत. लोकांना ते आणखीच गंभीर वाटलं.

सुरुवातीचा महिनाभर मामी आली नाही. फोनवर आवाज अगदी ताजा असायचा. टीव्हीवरची मालिका पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकू आली, म्हणाली. मग एका गुरुवारी ती बडनेऱ्याहून गाडी पकडून आली, पिशवीत गिला वडा घेऊन. अमरावतीचा गिला वडा म्हणजे मामांचा जीव. पण गाडीला उशीर झाला आणि ती खोलीत शिरली तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. मामांनी वड्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि हात मांडीखाली घेतले. मामी त्यांच्याकडे बघतच राहिली. तिला त्या क्षणापर्यंत खरं वाटलेलं नव्हतं.

ती समोर चटईवर बसली. आधी घरचं सांगितलं, नळाचं, गॅसचं. तिने मधे थांबून वाट पाहिली, कारण इथे मामा नेहमी तिचं वाक्य उचलून पुढे न्यायचे. कोणी उचललं नाही. मग तिने ते स्वतःच संपवलं. मी उठायला लागले तर म्हणाली, "बस तू. दुसरं कोनी तरी पाह्यजे आयकाले, मंग याईले आठवन राहीन."

पुढच्या गुरुवारी ती परत आली आणि त्यानंतर दर गुरुवारी. वडे ती वेळेवर आणायला शिकली. आणि दर वेळी ती थोडी मागे जायची, आधी मुलांची शाळा, मग सासूचं आजारपण, मग लग्न. माझ्या आईच्या तोंडून मामीबद्दल जे ऐकलं होतं त्यापेक्षा हे सगळं वेगळं होतं. मामी कमी बोलते असं आम्ही सगळे समजायचो. तिला जागाच मिळालेली नव्हती.

एका गुरुवारी ती म्हणाली, "लगनाच्या वक्ती मी धाव्वीत होती. परीक्षा राह्यली. दुसऱ्या वर्षी मी तुमाले म्हनलं, बाहेरून बसतो. आठवते?"

मामा हलले नाहीत.

"तुमी हासले. हासले त्याचं काई नाई. पन दुसऱ्या दिवशी गाडीत सांगतलं तुमी सगळ्याईले. आमची बायको कलेक्टर होऊन राह्यली. मोर्शीच्या ष्ट्यांडवर तो पेपर इकनारा होता ना, तो मले 'या कलेक्टरीनबाई' म्हने. तीन वर्षं म्हने. मी मंग मोर्शीले उतरायचंच सोडलं. माह्या माहेरले जायाले मोर्शीवरूनच रस्ता होता."

ती हे रागाने सांगत नव्हती. पिशवीचा बंद सरळ करत सांगत होती. मामांच्या गालावरून काहीतरी खाली आलं. शाल त्या दिवशी अंगावर नव्हती आणि कूलर चालू होता.

मामी गेल्यावर मामांनी माझ्याकडे पाहून वहीसाठी हात पुढे केला, आणि मी द्यायच्या आतच तो मागे घेतला. लिहायचं नाही ही अट त्यांनी मोडली असती तर मी कोणाला सांगितलं नसतं. त्यांनी मोडली नाही. ते तसेच भिंतीकडे तोंड करून बसले. बोलता येत असतं तर त्यांनी दोन मिनिटांत तिला हसवून विषय बदलला असता, हे मला ठाऊक होतं. बहुधा त्यांनाही.

आश्विन पौर्णिमेला विहारात समारोप ठेवला. अध्यक्षांनी मंडप घातला. धुऱ्याचे दोघे भाऊ एकाच मोटरसायकलवर आले. बाई पडद्यावर होत्या. त्यांच्याकडे तेव्हा पहाट होती आणि त्या डोक्यापर्यंत पांघरूण घेऊन बसल्या होत्या. मामी पहिल्या रांगेत. साधक अनुभवकथन करतील, असं अध्यक्षांनी माइकवरून जाहीर केलं. सगळे सावरून बसले. मामांना ओळखणाऱ्यांनी तर चहा आधीच पिऊन घेतला होता, किमान दोन तास जाणार म्हणून.

मामा माइकपाशी गेले. घसा साफ केला. आवाज फुटेना, मग फुटला तो बारीक होता.

"पोरी," ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "ते सतरा नंबरचा फारम कवा भरतात?"

सतरा नंबरचा म्हणजे बाहेरून दहावीला बसणाऱ्यांचा. मी म्हटलं, "सध्या भरणं सुरू आहे."

"कोनासाठी, ते तुले माहीत हाये," मामा म्हणाले आणि खाली येऊन बसले.

मंडपात कोणाला काही कळलं नाही. अध्यक्षांनी आभारप्रदर्शन लांबवून वेळ भरून काढली. पडद्यावरच्या बाईंनी भाषांतर विचारलं, तेव्हा मी जे होतं तेच सांगितलं: ते एका फॉर्मची तारीख विचारत आहेत. बाई बराच वेळ मान हलवत राहिल्या. मामीने मात्र पदर तोंडाला लावला होता आणि ती कोणाकडेही पाहत नव्हती.

यानंतर संस्थेला अहवाल द्यायचा होता. त्यात प्रश्न होता: साधकाने कोणाच्या मार्गदर्शनाखाली साधना केली? मी मार्गदर्शक बाईंचं नाव लिहायला घेतलं. मामा म्हणाले, "खोटं नको लिहू. तुह्या मामीचं लिव्ह." मी लिहिलं. अध्यक्षांनी 'पात्रता' या रकान्यात 'नववी पास' भरलं, कारण कोरा ठेवायचा नव्हता.

महिन्याने पत्र आलं. मामांना तीन वर्षांच्या मौनासाठी साहाय्य देऊ केलं होतं. मामांनी दोन्ही हातांनी नको म्हटलं. मामी म्हणाली, "पाठवा त्याईले. मी गुरुवारी येत जाईन." दुसरं पत्र मामीला होतं. आचार्य म्हणून आपल्याला काय हवं ते कळवावं, असं त्यात आदराने विचारलं होतं. मामीने दोन दिवस विचार केला आणि आमच्या वर्गासाठी पालीची पुस्तकं मागितली. ती आली, प्रत्येकीला एक. पदवीच्या अभ्यासक्रमाचा प्रश्न कोणी काढला नाही.

मामीने दहावीच्या विषयांत पाली घेतली. हिवाळाभर मी तिला फोनवर शिकवलं आणि मामांनी तिच्याकडून शब्दरूपं म्हणून घेतली. पुस्तक हातात धरून ते फक्त चुकलं की मान हलवायचे. मार्चमध्ये पहिल्या पेपरला मी अमरावतीला गेले. केंद्रावर एका शिक्षिकेने मामीला अडवलं, "पालकांनी बाहेर थांबावं." मामीने पिशवीतून प्रवेशपत्र काढून दाखवलं. शिक्षिकेने ते दोनदा वाचलं आणि बाजूला होऊन तिला वाट दिली. मामा गेटबाहेर चौकीदाराच्या खुर्चीशेजारी तीन तास उभे राहिले, आणि चौकीदाराला त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, स्वतःच्या हसण्यासकट.

मामी पालीत पास झाली, इंग्रजीत पास झाली, गणितात राहिली. निकाल पाहून मामा काही बोलणार होते. ती म्हणाली, "थांबा, मले पयले पाहू द्या, कितीनं राह्यलं."